तळायचे मासे आणि बघायचे मासे

माझ्या नवऱ्याला चारचौघांत गटाराकाठी बसलेलं बघायला मी चाळीस वर्षं सिमेंटच्या घराचा हट्ट धरला नव्हता.

चाळीस वर्षं आम्ही मार्तापुरा नदीवर राहिलो. नदीकाठी नाही, नदीवर. मोठमोठ्या ओंडक्यांच्या तराफ्यावर घर, आणि घर दोरखंडाने काठाला बांधलेलं, म्हशीसारखं. शेजारून मोटारबोट गेली की घर डुलायचं, फळीवरच्या बशा एकमेकींशी बोलायच्या, चुलीवरचं कालवण काठापर्यंत येऊन परत जायचं. मी खिडकीतून बोटवाल्याला शिव्या घालायची. पुष्कळदा तो बोटवाला माझाच नवरा असायचा, पण शिवी एकदा तोंडातून सुटली की नातं बघत नाही. मला थांबलेलं घर हवं होतं. फाटक असलेलं. ज्याच्या फाटकावर माणसं येऊन ‘हाज्जा आहेत का घरात?’ असं विचारतील असं. हज करून आलेल्या बाईला आमच्याकडे हाज्जा म्हणतात. शेवटी थोरल्याने बांजारमासिन शहराच्या टोकाला एका वसाहतीत घेऊन दिलं. फाटक हिरवं. फरशी अशी की पाय घसरावा. आणि घर हलत नाही. अजिबात म्हणून हलत नाही.

पहिल्या सकाळी काईंनी डोळे उघडून विचारलं, “निनी, काय झालं? घर का थांबलंय?”

नातवंड झाल्यापासून आम्ही एकमेकांना काई आणि निनी म्हणतो, आजोबा आणि आजी. मी म्हटलं, “घर असंच असतं, काई. लोकांची घरं थांबलेलीच असतात.” आठव्या दिवशी त्यांनी निळी प्लास्टिकची खुर्ची उचलली, फाटकाबाहेर नेली, रस्त्याकडेच्या गटाराकडे तोंड करून मांडली आणि तिच्यावर बसले. मासेमारीला बसतात तसे, फक्त गळ नाही.

रोज बसू लागले. आणि वेळही धड नाही. आज नऊला, उद्या पावणेदहाला, परवा साडेदहाला. माणसाने वेडं व्हावं, माझी ना नाही, वय झालं. पण निदान वेळेवर वेडं व्हावं.

शेजारच्या बू विनार एक दिवस फाटकावर आल्या. बू म्हणजे बाई. या जावा बेटावरच्या, मास्तरीण होत्या, आता निवृत्त. म्हणजे पूर्वी चाळीस पोरांना शिकवायच्या, आता सगळ्या वसाहतीला शिकवतात. “हाज्जा, आजोबांचं काही हरवलंय का हो गटारात?”

“हरवलं नाही,” मी म्हटलं, “नगरपालिकेचं काम बघतायत. कुणीतरी बघायला नको?”

वर त्यांना आत बोलावून गूळ-नारळाची वडी पुढे केली. बू विनार पूर्वी आमच्या बांजार चालीरीतींना हसायच्या. आमच्याकडे समोर आलेला घास न चाखता उठू नये. खायचा नसेल तर निदान बोट लावून ओठाला टेकवावं, नाहीतर वाटेत काहीतरी बरंवाईट होतं. एकदा त्या माझी वडी नाकारून निघाल्या आणि कोपऱ्यावर स्कूटरसकट कोथिंबिरीच्या गाडीत गेल्या. तेव्हापासून बाई आमच्याहून कट्टर. मी औषधाची गोळी हातात घेतली तरी तिला बोट लावतात.

तर, गटाराचं मी हसण्यावारी नेलं असतं. पण एक दिवस जेवताना काई म्हणाले, “रोजे लागायच्या आत मी मस्तुराकडे जातो. तिच्या तराफ्यावर एक खोली रिकामी आहे.”

मस्तुरा म्हणजे माझी मोठी नणंद. सगळे तिला जुलाक म्हणतात, घरातली सगळ्यात थोरली. अजून नदीवरच राहते आणि माझ्या फाटकाचा रंग तिला पहिल्यापासून खुपतो.

“आणि मी?” मी विचारलं.

“तुझं घर आहे की,” ते म्हणाले. “थांबलेलं.”

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना मारता येत नाही. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे. म्हणूनच ते लागलं. रोज्यांना दोन महिने होते. बायकोला सोडून म्हातारा नदीवर परत गेला, हे बाजारात कळलं असतं तर मी त्या हिरव्या फाटकाआड तोंड लपवून बसले असते. आणि खरं सांगायचं तर नुसत्या तोंडाचा प्रश्न नव्हता. पंचेचाळीस वर्षं त्या माणसाचा खोकला ऐकून मला झोप लागते.

म्हटलं, ठीक आहे. हा नदीकडे जाणार असेल, तर नदी घरात आणू.

माशांच्या दुकानदाराने काचेची पेटी दाखवली, बुडबुडे सोडणारं यंत्र दाखवलं, आणि बोटाएवढे चकचकीत मासे दाखवले, अंगावर काळी रेघ. म्हणाला, “हे शांत मासे आहेत, हाज्जा. भांडत नाहीत. यांचं नाव इंग्रजी आहे.”

मी चष्मा वर केला. “नाव कुठलंही असो बाबा, मी याच्या आईला तळलंय. हे सलुआंग आहेत.”

सलुआंग! हळद-मीठ लावून खोबरेल तेलात कुरकुरीत तळायचे, डोकं-शेपूट-काटा सगळं खायचं. आमच्या जुन्या घराच्या मोरीखाली टोपली बुडवली की ओंजळभर मिळायचे. ते आता काचेत, दिव्याखाली, इंग्रजी नाव लावून!

“नदीत फुकट असतील,” दुकानदार म्हणाला, “पण हे बघायचे आहेत, खायचे नव्हेत. आणि दोन-चार नेऊ नका. एकटे पडले की खात नाहीत, रंग उडतो, भीतीनेच मरतात. दहाच्या वर हवेत, म्हणजे थवा होतो.”

ते मला पटलं. आमचेही लोक असेच. तीस घेतले. जाताना तो ओरडला, “नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवा, मग मासे सोडा!”

आता मला सांगा, पाहुण्याला दोन दिवसांचं शिळं पाणी द्यायचं? मासा झाला म्हणून काय झालं? मी पेटी भांड्याच्या साबणाने लख्ख घासली, नळाचं ताजं पाणी भरलं आणि मासे सोडले. रोज सकाळी पुन्हा घासायची, पुन्हा ताजं पाणी. अख्ख्या वसाहतीत इतके स्वच्छ मासे कुणाचे नव्हते. पाचव्या दिवशी निम्मे उताणे.

बू विनार म्हणाल्या मीठ घाला. पलीकडच्या घरची सून म्हणाली पेटीचं तोंड पश्चिमेला करा. थोरल्याने फोनवर सांगितलं, “आई, साबण?” आणि फोन ठेवून दिला. उरलेले पंधरा कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे, पांढरेफटक, कल्ले तेवढे हलतायत.

काई तोवर पेटीकडे फिरकलेही नव्हते. त्या दिवशी जाता जाता थांबले. वाकले. पुष्कळ वेळ बघत राहिले.

“घाबरलेत,” म्हणाले. “इतकं उजेडी पाणी यांनी कधी बघितलेलं नाही. कुठं लपावं कळत नाहीये बिचाऱ्यांना.” मग हळूच, “थांबलंय ना सगळं.”

मी ओढणीने काच पुसत राहिले. पुसण्यासारखं काही नव्हतं.

त्या शुक्रवारी ते मशिदीतून पिशवी भरून वाळकी बदामाची पानं घेऊन आले, आवारातल्या मोठ्या झाडाखालची. इमामसाहेबांना वाटलं म्हातारा पुण्यासाठी झाडलोट करतोय; त्यांनी प्रवचनात कौतुक केलं. पानं पेटीत गेली. दोन दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं झालं, आमच्या नदीला दलदलीतून येऊन मिळणाऱ्या ओढ्यांचं असतं तसं. माझ्या बैठकीच्या खोलीत, माझ्या पांढऱ्या फरशीवर, कुजकी पानं आणि चहा! मी तोंड उघडलं होतं. पण काई जमिनीवर मांडी घालून बसले होते, नाक काचेला टेकवून, आणि गुणगुणत होते. मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात हे तीनदा झालंय.

त्यांनी जाऊन अजून मासे आणले. पुन्हा तीस झाले. असतील. मोजता कुणाला येतात? एक, दोन, पाच करेपर्यंत सगळे एकदम वळतात आणि पुन्हा एक.

ते वळणंच बघत राहावं असं होतं. कुणी हाक देत नाही, कुणी पुढारी नाही. तीस जीव एका दिशेने चाललेले, आणि मधेच, कुणालातरी काहीतरी आठवल्यासारखे, सगळे एकदम वळतात. वळताना अंगावर तांबूस उजेड चमकतो आणि विझतो. पानांच्या सावलीत जातात, दिसेनासे होतात, मग दुसऱ्याच टोकाने येतात, जणू मधल्या वेळात गावाला जाऊन आले. यंत्राची घरघर चालू असायची, लांबून बोट येत असल्यासारखी, कधीच न पोचणारी. दुपारच्या वेळी मी तांदूळ निवडायला तिथे बसायची. म्हणजे काईंवर लक्ष ठेवायला. तांदूळ सुपात तसेच. मला वाटायचं आत्ता फरशी हलेल, आत्ता बशा बोलतील. मान डुलायची. जाग यायची तेव्हा ऊन भिंतीवरून फरशीवर उतरलेलं असायचं आणि काई शेजारी घोरत असायचे, तोंड उघडं, लहान पोरासारखे.

गटाराकडे मात्र जायचेच, रोज तासभर. पण मस्तुराचं नाव निघत नव्हतं. मी मनात म्हटलं, जिंकले.

जिंकले म्हणू नये.

माशांना जिवंत खाऊ लागतो असं काईंचं मत पडलं. त्यांनी मोरीमागे एक बादली ठेवली, तीत पाणी, पाण्यात वळवळ्या. डासांच्या अळ्या. रोज चमचाभर पेटीत. आणि आमच्या वसाहतीत दर शुक्रवारी डेंग्यूसाठी घरोघरी साठलेलं पाणी तपासतात. तपासनीस कोण? हातात टॉर्च, काखेत वही, गळ्यात ओळखपत्र: बू विनार.

मोरीमागे टॉर्च पडला आणि किंकाळी आली. “हाज्जा! तुम्ही डास पाळलेत?”

“पाळले नाहीत,” मी म्हटलं, “वाढवलेत. खायला.”

“कुणाला?”

बाहेर येऊन त्यांनी माझ्या हिरव्या फाटकावर लाल चिठ्ठी चिकटवली: या घरात अळ्या सापडल्या. मक्केला जाऊन आलेल्या बाईच्या फाटकावर! मी चिठ्ठीपुढे परकराची नाडी बांधून चादर वाळत घातली. पुढच्या शुक्रवारी बादली रिकामी करून उपडी ठेवली होती, तर बाईंनी पेटीत टॉर्च मारला. “हे पाणी असं का?”

“नदी आहे ती.”

“घरात नदी ठेवायला परवानगी घेतलीत का?”

दुसरी लाल चिठ्ठी. तिसऱ्या शुक्रवारी वसाहतीचे प्रमुख पाक सुगेंग (पाक म्हणजे साहेब) स्वतः येणार, पेटी बघणार, आणि पाणी ओतायचं की औषध टाकायचं ते ठरवणार, असं कळलं. औषध टाकलं तर माशांचं काय, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. त्या आठवड्यात काई एकदाच म्हणाले, “यांना काढलं, तर मग इथं बघायचं काय?”

मी कामाला लागले. पाहुणा रागावून येवो की प्रेमाने, आमच्या घरात तो खाऊनच जातो; आणि खाल्लेला माणूस कडक सही करत नाही. भात झाला, आमटी झाली. गोड म्हणून अंडी-नारळाचा भाजका केक आणायला मी चांगली साडेतीन मैल रिक्षाने गेले, कारण जवळच्या दुकानातला केक मास्तरणीच्या तोंडी देण्याच्या लायकीचा नसतो. काई मशिदीत होते. घराला कुलूप नव्हतं.

तेवढ्यात मस्तुरा आली. रोजे पुढच्या आठवड्यात लागणार, भावाचं गाठोडं बांधून न्यायला आली होती. आल्या आल्या तिने काय बघितलं? बैठकीत काचेचं भांडं, गढूळ पाणी, कुजकी पानं, आणि त्यात ओंजळभर जिवंत सलुआंग. नदीवरची बाई ती. जेवणाचे मासे जिवंत ठेवायचे आणि वेळेला काढायचे, हे तिच्या हाडात आहे. तिला वाटलं, वहिनीला वय झालं, पाणी बदलायचंही सुचेना.

मी केक घेऊन परतले तेव्हा पाक सुगेंग आणि बू विनार चटईवर बसले होते. मधोमध ताट. पेटी भिंतीशी, रिकामी, घासूनपुसून लख्ख. तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. यंत्र कोरडंच घरघरत होतं.

“ये ये,” मस्तुरा म्हणाली. “पाहुणे येणार आणि तू बाहेर! मी तळले बघ. एकेक कसा कुरकुरीत झालाय.”

मी चटईवर बसले.

“जुलाक,” मी म्हटलं, “ते बघायचे होते.”

“बघायचे? सलुआंग?” ती हसली. “बघायला तुझं तोंड आहे की घरात, पंचेचाळीस वर्षं झाली.”

बू विनार ताटाकडे बघत होत्या, मग पेटीकडे, मग ताटाकडे. त्या पांढऱ्या पडल्या. हळूच माझ्या कानाशी आल्या, “हाज्जा, हे तेच का?”

“तेच.”

“अळ्या खाल्लेले?”

“चमचा चमचा.”

आणि ताट तर समोर आलेलं. बाईंना कोथिंबिरीची गाडी आठवली असणार. डोळे मिटून त्यांनी एक उचलला. पाक सुगेंग भूक लागलेले गृहस्थ; त्यांनी सात खाल्ले आणि विचारलं, “हं, ती पेटी कुठली म्हणत होता?”

तेवढ्यात काई आले.

त्यांनी पेटी बघितली. ताट बघितलं. टोपी काढून खुंटीला लावली, सावकाश. मस्तुरा म्हणाली, “बस रे, निवतील.” ते बसले. घास समोर आलेला. ना म्हणता येत नाही. मीही एक उचलला. आयुष्यात हजारो सलुआंग तळले मी, पण एकाचंही तोंड ओळखीचं नव्हतं. ते खाताना माझ्या नाकातून पाणी आलं, आणि मी सगळ्यांना सांगितलं मिरची लागली. ताटात मिरची नव्हती.

काईंनी चावला, गिळला. “मीठ कमी आहे,” म्हणाले. आणि उठले.

पाक सुगेंगनी वहीत लिहिलं: पाणी नाही, अळ्या नाहीत, मासे नाहीत. पुरावा पोटात घालून त्यांनी झकास सही केली. बू विनारनी जाऊन दोन्ही लाल चिठ्ठ्या नखाने खरवडल्या. मी म्हणजे कशी, आदल्या दिवसापर्यंत त्या चिठ्ठ्यांसाठी जीव टाकत होते. आता फाटक स्वच्छ झालं आणि मी तिकडे बघितलंही नाही, कारण फाटकातून निळी खुर्ची बाहेर चालली होती.

“पेटीतलं पाणी कुठं टाकलंस, जुलाक?” मी विचारलं.

“गटारात. पानांसकट. पानांखाली अजून काही वळवळत होतं, ते कोण निवडत बसतो?” आणि ती कपाट उघडून भावाच्या लुंग्यांच्या घड्या घालू लागली.

मी लाल खुर्ची उचलली. घरातली दुसरी, पाहुण्यांची. भर दुपारी, दोन दारं उघडी आणि चार खिडक्यांतून डोळे लागलेले असताना, मी ती फाटकाबाहेर नेली आणि निळीच्या शेजारी मांडली. गटारावरच्या लादीवर नीट बसेना, एक पाय अधांतरी. तशीच बसले.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. कशाबद्दल ते सांगितलं नाही. माशांपासून फाटकापर्यंत पुष्कळ काही होतं, त्यांनी हवं ते घ्यावं.

काई म्हणाले, “थांब. येतंय.”

“काय येतंय?”

“काल पावणेदोनला आली होती. आज अडीच.”

गटाराच्या तळाशी ओला गाळ होता, एक चप्पल होती. मी चपलेकडे बघत राहिले. ती हलली. मग जराशी वर उचलली गेली. खालून, रस्त्याच्या त्या टोकाकडून, जिथे हे गटार मोठ्या नाल्याला आणि नाला नदीला मिळतो, पाणी वर चढत होतं. आवाज न करता, कोऱ्या चहाच्या रंगाचं. भरती. चाळीस वर्षं तिच्यावर राहिले आणि ती रोज पाऊण तास उशिरा येते हे मी सहा महिन्यांत विसरले होते. हा माणूस वेळेवर वेडा नव्हता, असं मी म्हणत होते. तो मिनिटाला मिनिट वेळेवर होता.

“तू गटार म्हणतेस,” काई म्हणाले. “दिवसातून तासभर ती नदी असते. मला भेटायला इतक्या लांब येते, म्हटलं दारात तरी बसावं.”

पाणी लादीच्या कडेपर्यंत आलं. त्यात बदामाची पानं फिरत होती. आणि पानांखालून, एकदम, एक थवा निघाला. बोटाएवढे, काळ्या रेघेचे. पुढे आले, आमच्या सावल्यांशी थबकले, आणि सगळे मिळून वळले. उजेड चमकला, विझला.

“आपले?” मी विचारलं.

“कोण जाणे. नदीचे असतील. आता काय फरक?”

मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. ऊन पाण्यावर, पाण्यातलं ऊन आमच्या पायांवर. खुर्चीचा तो अधांतरी पाय हलत होता, मी पुढे जात होते, मागे येत होते. घरात मस्तुरा कपाट आवरताना बशा हलवत होती वाटतं, लांबून त्यांची कुजबुज येत होती. काईंनी वाकून माझ्या खुर्चीखाली विटेचा तुकडा सरकवायला घेतला.

“असू दे,” मी म्हटलं. “डुलू दे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वीट हातातच राहिली.

“अरे,” मस्तुरा फाटकातून ओरडली, “जाड चादर घेऊ का गाठोड्यात?”

“सोड गाठोडं,” काईंनी मागे न बघता सांगितलं. “उद्या सव्वातीनला येणार. निनीला वेळ कोण सांगणार?”

मस्तुरा काहीतरी पुटपुटली. हिरव्या रंगाबद्दल असावं.

तेवढ्यात बू विनार त्यांच्या दारातून आल्या, हातात टॉर्च, भर दुपारी पेटवलेला, सवयच. लादीशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “हाज्जा, आता तुमचंही काही हरवलं का?”

“सापडलं,” मी म्हटलं. “तो टॉर्च बंद करा आधी. बुजतात.”